सायकेडेलिक रॉक : मुंबईतील ध्वनिमुद्रिका

पाश्चात्त्य रॉक संगीताचा १९६५ नंतर अमेरिकेत व इंग्लंडमध्ये उदयास आलेला एक प्रकार सायकेडेलिक रॉक या नावाने ओळखला जातो. ‘सायकेडेलिक’ ही संज्ञा मूळची संगीतातील नव्हे. ब्रिटिश मनोविकारतज्ञ हम्फ्री ऑझमंड यांनी इंग्रज कादंबरीकार ऑल्डस हक्सली यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, १९५६ च्या सुमारास, मन व प्रकट करणे या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती घडविली. एलएसडीसारख्या द्रव्यांमुळे येणाऱ्या असाधारण संवेदनांचे वर्णन करण्यासाठी ती योजिली होती. दहा वर्षांच्या आत ती वैद्यकाच्या परिभाषेतून निसटून वेशभूषा, भित्तिपत्रे, प्रकाशयोजना आणि संगीत यांना लावली जाऊ लागली. संगीतापुरते पाहिल्यास फाटक्या, लांबविलेल्या स्वरांची विद्युत् गिटार, उलट्या दिशेने फिरविलेली ध्वनिफीत, कृत्रिम प्रतिध्वनी, ठरीव तीन मिनिटांची मर्यादा मोडणारे दीर्घ वादन आणि एकाच आधारस्वरावर तोललेली रचना ही या प्रकाराची लक्षणे सांगता येतात. यांपैकी शेवटचे लक्षण भारतीय संगीतातून आले आणि त्यामुळेच या प्रकाराच्या इतिहासात मुंबई शहराला एक अनपेक्षित स्थान मिळाले.

हा इतिहास मुख्यतः ध्वनिमुद्रिकांचा इतिहास आहे. लोकगीत एका कंठातून दुसऱ्या कंठात जाते, नाट्यपद रंगभूमीवर टिकते, बंदिश घराण्यात सांभाळली जाते. सायकेडेलिक रॉकमधील रचना मात्र बव्हंशी ध्वनिमुद्रण केंद्रातच घडली आणि तबकडीवरच अस्तित्वात राहिली. ध्वनिफीत कापणे, जोडणे, तिच्यावर दुसरा थर चढविणे या क्रियाच येथे रचनेचा भाग होत्या. म्हणून एखाद्या वाद्यवृंदाचे महत्त्व ठरविताना त्याच्या ध्वनिमुद्रिकांची कालानुक्रमे सूची मांडण्याची प्रथा पडली. लंडनच्या पिंक फ्लॉइड या प्रख्यात वाद्यवृंदाच्या नावावर १९६७ पासून २०१४ पर्यंत केंद्रात मुद्रित केलेल्या पंधरा दीर्घवादन ध्वनिमुद्रिका आहेत. ही कसोटी मुंबईतील वाद्यवृंदांना लावली, तर त्यांची सूची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भरते. त्यावरून मुंबईत असे संगीत नव्हतेच, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल.

दीर्घवादन तबकडी म्हणजेच एलपी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी ही तबकडी अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे वादन मावत असे. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. हा फरक केवळ सोयीचा नव्हता. जुन्या तबकडीवर ख्याल गाणाऱ्या कलावंताला आलाप आवरावा लागे आणि रॉक वादकाला गाणे आटोपते घ्यावे लागे. एलपीमुळे दोघेही मोकळे झाले. आरंभी एलपी म्हणजे सुटी दहा-बारा गीते एकत्र बांधलेला संग्रह, एवढीच कल्पना होती. ती बदलून संपूर्ण तबकडी ही एकच सलग कलाकृती मानण्याचा विचार १९६६–६७ मध्ये दृढ झाला. बीटल्स या वाद्यवृंदाच्या रिव्हॉल्व्हर (१९६६) आणि सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड (१९६७) या ध्वनिमुद्रिका, तसेच पिंक फ्लॉइडची द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन (१९६७) ही त्याची ठळक उदाहरणे होत.

योगायोगाची गोष्ट अशी, की नेमक्या १९६७ याच वर्षी मुंबईतही अशाच स्वरूपाची एक ध्वनिमुद्रिका तयार झाली आणि तिचा रॉक संगीताशी काहीही संबंध नव्हता. कॉल ऑफ द व्हॅली या ध्वनिमुद्रिकेत संतूरवादक शिवकुमार शर्मा, बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया व गिटारवादक ब्रिजभूषण काबरा या तिघा तरुण वादकांनी काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांच्या समयानुसार उलगडून दाखविला. तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची होती. अहिरभैरवापासून पहाडीपर्यंतचा हा क्रम सुट्या तुकड्यांचा नसून एका कथासूत्रात ओवलेला आहे. या योजनेमागे हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीचे मुंबईतील अधिकारी जी. एन. जोशी होते. विदर्भातून मुंबईस आलेले जोशी हे स्वतः मराठी भावगीतगायनाचे एक आद्य प्रवर्तक. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांच्याच आवाजात तबकडीवरून महाराष्ट्रभर पोहोचली होती. तबकडीच्या मर्यादेत भाव कसा बांधावा, याची जाण त्यांना गायक म्हणून आधीच आलेली होती. कॉल ऑफ द व्हॅली पाश्चात्त्य देशांत मोठ्या प्रमाणावर ऐकली गेली आणि तिच्या चाहत्यांत बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन हेही होते. सायकेडेलिक संगीताने भारताकडून काय घेतले, याची चर्चा बहुधा सतारीपाशी थांबते. संपूर्ण तबकडीला एक दिनक्रम, एक समयचक्र असू शकते, ही कल्पना मुंबईत स्वतंत्रपणे सिद्ध झाली होती, ही गोष्ट त्या चर्चेत सहसा येत नाही.

भारतीय वाद्यांचा रॉक संगीतातील प्रवेश मात्र लंडनमध्ये झाला आणि त्यात मराठी वादकांचा वाटा होता. आयन देव अंगडी व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी लंडनमध्ये चालविलेल्या एशियन म्यूझिक सर्कल या संस्थेकडून बीटल्सना भारतीय वादक मिळत. रिव्हॉल्व्हरमधील ‘लव्ह यू टू’ या गीताचे मुद्रण ११ एप्रिल १९६६ रोजी झाले. त्यातील तबला अनिल भागवत यांचा आहे. या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर भागवतांचे नाव छापलेले आहे. त्या काळी साथीदारांची नावे वेष्टनावर येणे दुर्मीळच होते. पुढील वर्षी सार्जंट पेपर्समधील ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतात दिलरुबा वाजविणारे अण्णा जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्यावरील बुद्धदेव कंसारा आणि तबल्यावरील नटवर सोनी यांची नावे वेष्टनावर नव्हती. ती बऱ्याच काळानंतर निश्चित झाली. जगभर कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या तबकडीवरील वादक अर्धशतकभर निनावी राहावेत, ही बाब ध्वनिमुद्रिकासूचीच्या शास्त्राला भूषणावह नाही.

या संदर्भात केशव साठे (१९२८–२०१२) यांचे कार्य अधिक विस्तृत व अधिक दुर्लक्षित आहे. मुंबईत जन्मलेले साठे १९५६ मध्ये लंडनला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. जॅझ सॅक्सोफोनवादक जो हॅरियट व कलकत्त्यात जन्मलेले संगीतरचनाकार जॉन मेयर यांच्या इंडो-जॅझ स्वीट (१९६६) या ध्वनिमुद्रिकेत सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर आणि तबल्यावर साठे अशी भारतीय बाजू होती. पाठोपाठ त्याच संचाच्या इंडो-जॅझ फ्यूजन्स या नावाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९६७ मध्ये जर्मनीत जॅझ मीट्स इंडिया ही तबकडी मुद्रित झाली, तिच्यातही मोतीहार व साठे आहेत. सायकेडेलिक संगीताच्या दृष्टीने साठे यांची महत्त्वाची ध्वनिमुद्रिका म्हणजे १९७२ ची मॅजिक कार्पेट. गायिका ॲलिशा सूफिट, सतारवादक क्लेम ऑल्फर्ड, गिटारवादक जिम मॉइज आणि साठे अशा चौघांच्या या वाद्यवृंदाने ही एकच तबकडी काढली व तो विसर्जित झाला. इतर रॉक वाद्यवृंदांत तबला बहुधा रंगासाठी वापरलेला असे; त्याला बोलू दिले जात नसे. येथे ड्रमच नाही. लयीचा सगळा भार साठे यांच्या बोटांवर असल्याने इंग्रजी गीतांच्या ओळी ठेक्याच्या वळणाने वाकतात. तबकडी निघाली तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे तिच्या मूळ प्रती संग्राहकांत अतिशय चढ्या किमतीस जाऊ लागल्या आणि १९९० नंतर तिचे पुनःप्रकाशन झाले.

मुंबईकडे वळता, येथील पहिली महत्त्वाची घटना जानेवारी १९६८ मधील आहे. ⇨ रविशंकर (१९२०–२०१२) यांच्याकडे सतार शिकण्यासाठी जॉर्ज हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये मुंबईस येऊन गेले होते. वंडरवॉल या इंग्रजी चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे काम हाती आल्यावर ते पुन्हा आले आणि फोर्ट भागातील फिरोजशहा मेहता मार्गावरील हिज मास्टर्स व्हॉइसच्या ध्वनिमुद्रण केंद्रात त्यांनी काही दिवस मुद्रण केले. या केंद्रात त्या वेळी एकपथी यंत्रच होते. द्विपथी मुद्रणाचे यंत्र ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आगगाडीने आणविले. केंद्राच्या भिंती ध्वनिरोधक नव्हत्या. रस्त्यावरील टॅक्सींचे आवाज फितीवर उतरत आणि सायंकाळी साडेपाचला वरच्या मजल्यांवरील कचेऱ्या सुटल्या, की जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे, असे हॅरिसन यांनी पुढे सांगितले आहे. आशिष खाँ यांचा सरोद, शिवकुमार शर्मा यांचे संतूर, विनायक व्होरा यांची तारशहनाई, महापुरुष मिश्र यांचा तबला, शंभू दास व इंद्रनील भट्टाचार्य यांच्या सतारी, रिजराम देसाड यांची हार्मोनियम व तबलातरंग यांनी हे मुद्रण सिद्ध झाले. वंडरवॉल म्यूझिक ही ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. बीटल्सपैकी कोणाही एकाची ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आणि त्यांच्या ॲपल या नव्या संस्थेची पहिली एलपी होय. याच दिवसांत मुंबईत मुद्रित झालेल्या वाद्यसंगीतावर लंडनमध्ये गायन चढवून ‘द इनर लाइट’ हे गीत तयार करण्यात आले. ते मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’ या गीताच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस निघाले. बीटल्सच्या अधिकृत गीतांपैकी ज्याचा वाद्यभाग भारतात मुद्रित झाला, असे हे एकमेव गीत. वंडरवॉलची रचना सलग नाही. शहनाईच्या लकेरीनंतर एकाएकी गिटार येते व ती संपण्यापूर्वी तोडली जाते. चित्रपटाशिवाय ऐकताना ती विस्कळीत वाटते, हा आक्षेप खरा आहे. तथापि मुंबईच्या वादकांना आपले वाद्य आपल्या पद्धतीने वाजवू देण्याचा संयम तिच्यात आहे आणि त्या काळातील अनेक सतारमिश्रित तबकड्यांत तो आढळत नाही.

१९७२ मध्ये लेड झेपेलिन या वाद्यवृंदातील जिमी पेज व रॉबर्ट प्लँट मुंबईस आले आणि येथील वादकांच्या साहाय्याने त्यांनी ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ या आपल्या दोन गीतांचे नव्याने मुद्रण केले. वादकांना एकत्र आणून त्यांचे संचालन करण्यात बासरीवादक विजय राघव राव यांचे साहाय्य झाले. हे मुद्रण त्रेचाळीस वर्षे अप्रकाशित राहिले. कोडा या ध्वनिमुद्रिकेच्या २०१५ मधील विस्तारित आवृत्तीत ते प्रथम अधिकृतपणे प्रसिद्ध झाले व त्यावर ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढाच उल्लेख आला. याच भेटीत या दोघांनी कुलाब्यातील स्लिप डिस्क या नृत्यगृहात स्थानिक वादकांबरोबर वादन केले होते.

हे स्थानिक वादक कोण, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. मुंबईत १९६० नंतर गिटार-ड्रमचे अनेक वाद्यवृंद निर्माण झाले. शहरात गोमंतकीय ख्रिस्ती वादकांची जुनी परंपरा होती. चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणाही तेच होते. त्यांच्या जोडीला पारशी, अँग्लो-इंडियन, दाक्षिणात्य आणि मराठी महाविद्यालयीन तरुण आले. द जेट्स, द मिस्टिक्स, द कंबश्टिबल्स, द सॅव्हेजिस, व्हेल्व्हेट फॉग ही त्यांपैकी काही नावे. संगीत शिकण्याचे साधन म्हणजे रेडिओ. रेडिओ सिलोनचे लघुलहरींवरील प्रक्षेपण कुलाब्यात जसे ऐकू येई, तसेच यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावातही. परंतु तबकडी ही वस्तू रेडिओलहरींसारखी सर्वत्र पोहोचणारी नव्हती. तिला विक्रेता लागे, वीज लागे, यंत्र लागे, आणि इंग्रजी रॉकची तबकडी घेण्याइतका पैसा लागे. यामुळे ऐकणारे सर्वदूर व वाजविणारे तीन-चार शहरांत, अशी स्थिती झाली. वाद्यांचीही अडचण होती. परकीय चलनाच्या टंचाईमुळे परदेशी गिटारी व ध्वनिवर्धक आयात करणे सामान्य तरुणाच्या आवाक्याबाहेर होते. पुष्कळांनी स्थानिक कारागिरांकडून ती बनवून घेतली. या संगीतातील खरखरीत, फाटका स्वर काही वेळा कलात्मक निवडीचा असे, तर काही वेळा केवळ उपकरणाचा असे. तबकडी ऐकून दोहोंतील भेद सांगणे अवघड आहे.

ध्वनिमुद्रिका निघण्यात मुख्य अडथळा उद्योगाच्या रचनेत होता. भारतात तबकड्यांचे उत्पादन दीर्घकाळ ग्रामोफोन कंपनीच्या कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात केंद्रित होते. १९७० च्या सुमारास पॉलिडोर ही दुसरी मोठी कंपनी मुंबईत उभी राहिली. दोघींचाही व्यवसाय चित्रपटगीतांवर चाले. इंग्रजी रॉकसाठी त्यांच्याकडे परदेशी मूळ मुद्रणे तयारच होती. ती येथे काढून विकणे स्थानिक वाद्यवृंदाला केंद्रात बोलावण्यापेक्षा स्वस्त पडे. स्थानिक वाद्यवृंदाच्या वाट्याला फार तर ४५ फेऱ्यांची दोन किंवा चार गीतांची लहान तबकडी येई. मुंबईच्याच आशा पुतली यांनी द सर्फर्स या वाद्यवृंदाबरोबर अशी एक तबकडी काढली होती. पुढे त्या अमेरिकेत गेल्या व जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या सायन्स फिक्शन या ध्वनिमुद्रिकेत गायल्या. या लहान तबकड्यांवर बहुधा लोकप्रिय परकीय गीतांचे पुनर्गायनच असे, कारण नृत्यगृहांतील श्रोत्यांना तेच हवे होते. स्वतःची रचना वाजवू लागताच नाचणारे लोक खुर्च्यांकडे परतत, ही तक्रार त्या पिढीतील अनेक वादकांनी केलेली आहे.

या कोंडीतून मार्ग निघाला तो एका सिगारेटच्या जाहिरातीमुळे. सिमला या सिगारेटच्या प्रचारासाठी इंपिरियल टोबॅको कंपनीने देशभरातील वाद्यवृंदांच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यांतील निवडक वाद्यवृंदांची गीते सिमला बीट ७० व सिमला बीट ७१ या दोन एलपींवर प्रसिद्ध झाली. शिलाँगचे फेंटोन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, मद्रासचे कन्फ्यूजन्स, बंगलोरचे डायनोसॉर्स असे दूरदूरचे वाद्यवृंद येथे एकत्र आले. परकीय गीतांबरोबरच स्वतंत्र रचनांनाही या तबकड्यांवर जागा मिळाली, हे त्यांचे वैशिष्ट्य. मुद्रणाचा दर्जा साधा आहे, इंग्रजी उच्चारांत प्रांतोप्रांतीच्या छटा आहेत आणि काही ठिकाणी ताल सुटतो. असे असले तरी, भारतातील एका संपूर्ण पिढीचे रॉक संगीत कसे होते हे सांगणारा याहून चांगला पुरावा उपलब्ध नाही. ते श्रेय संगीतव्यवसायाकडे न जाता तंबाखूच्या व्यवसायाकडे जाते, ही विसंगती नमूद करावयास हवी. परदेशी संग्राहकांनी या दोन्ही तबकड्यांचा शोध घेतल्यावर युरोपात त्यांची पुनर्मुद्रणे निघाली.

तबकडीवर न आलेले संगीत अर्थातच कितीतरी मोठे होते. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे स्नेहयात्रा या नावाचा उघड्यावरील संगीतमेळा भरला. अमेरिकेतील वुडस्टॉक (१९६९) येथील मेळ्याचा आदर्श त्यामागे होता. वुडस्टॉकच्या मेळ्यावरील चित्रपट व एकापाठोपाठ निघालेल्या एलपी यांमुळे तो जगाच्या स्मरणात राहिला. मळवलीच्या मेळ्याची तशी ध्वनिमुद्रिका नाही. मुंबईतील नृत्यगृहे गाजविणारा ह्यूमन बाँडेज हा त्या काळातील एक अग्रगण्य वाद्यवृंद मानला जातो, तरी त्याच्या नावावर एकही एलपी नाही. ध्वनिमुद्रिकासूचीवरून इतिहास लिहिण्याच्या पद्धतीची मर्यादा येथे उघड होते.

मुंबईतील वाद्यवृंदांपैकी सायकेडेलिक ही संज्ञा ज्याला निःसंकोचपणे लावता येते आणि ज्याची स्वतंत्र एलपी उपलब्ध आहे, असा वाद्यवृंद म्हणजे ॲटॉमिक फॉरेस्ट. बासगिटारवादक कीथ कांगा यांच्या नेतृत्वाखाली तो १९७० नंतर उभा राहिला. गिटारवादक नील चट्टोपाध्याय यांच्या वादनावर अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांची छाप स्पष्ट आहे. सदस्य वारंवार बदलत गेले. गायक म्हणून नंदू भेंडे व मधुकर चंद्र दास यांची नावे या वाद्यवृंदाशी निगडित आहेत. ऑब्सेशन ’७७ ही त्यांची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये मुद्रित झाली, पण ती प्रत्यक्ष बाजारात आली १९८१ मध्ये. तोपर्यंत वाद्यवृंद विखुरलेला होता आणि श्रोत्यांची आवड डिस्कोकडे वळलेली होती. हेंड्रिक्स यांच्या ‘फॉक्सी लेडी’ सारख्या गीतांबरोबर तिच्यात स्वतंत्र रचनाही आहेत आणि शीर्षकरचनेत या वाद्यवृंदाची खरी ताकद दिसते. परकीय गीतांच्या बाजूला ठेवल्यावर ती दुय्यम वाटत नाही, उलट तीच ध्वनिमुद्रिकेचा गाभा ठरते. पाश्चात्त्य समीक्षक येथे सतार शोधतात आणि ती न सापडल्याने गोंधळतात. मुंबईच्या या वादकांना भारतीयत्व सिद्ध करण्याची गरज वाटली नाही. त्यांच्या दृष्टीने सतार ही घरातली वस्तू होती व विद्युत् गिटार ही नवलाईची. लॉस अँजेल्समधील नाऊ-अगेन या संस्थेने २०११ मध्ये ही ध्वनिमुद्रिका प्रत्यक्ष कार्यक्रमांतील काही मुद्रणांची जोड देऊन पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा तिला पहिल्या प्रकाशनाच्या वेळी मिळाला नव्हता इतका श्रोतृवर्ग लाभला. मुंबईत सिंथेसायझरवर राग वाजविणारे चरणजित सिंग यांच्या १९८२ मधील टेन रागाज टू अ डिस्को बीट या ध्वनिमुद्रिकेचेही असेच झाले. ती २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाल्यावर तिची ख्याती पसरली.

नंदू भेंडे यांच्या रूपाने या संगीताचा एक धागा मराठी रंगभूमीपर्यंत येतो आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तो सर्वांत अर्थपूर्ण आहे. नट-दिग्दर्शक आत्माराम भेंडे व अभिनेत्री आशा भेंडे यांचे हे पुत्र. व्हेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर, ॲटॉमिक फॉरेस्ट अशा वाद्यवृंदांतून ते गायले. जीझस क्राइस्ट सुपरस्टार ही अँड्र्यू लॉइड वेबर व टिम राइस यांची संगीतिका मुळात १९७० मध्ये एलपीच्या रूपानेच अवतरली होती; तिचे रंगमंचीय रूप नंतरचे. ॲलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत तिचा प्रयोग केला, तेव्हा जूडसची भूमिका भेंडे यांनी आणि येशूची भूमिका मधुकर चंद्र दास यांनी केली. तबकडीवर फारसे स्थान न मिळालेले रॉक गायन येथे नाट्यगृहात उभे राहिले. त्यानंतर १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने तीन पैशाचा तमाशा रंगभूमीवर आणले. जर्मन नाटककार ⇨ बेर्टोल्ट ब्रेख्ट यांच्या थ्री पेनी ऑपेरा (१९२८) या नाटकाचे हे ⇨ पु. ल. देशपांडे यांनी केलेले मराठी रूप. दिग्दर्शक जब्बार पटेल. नाट्यपदाच्या वळणाच्या चालींशेजारी पाश्चात्त्य धाटणीची गीते त्यात नांदतात आणि ती बाजू भेंडे यांनी सांभाळली. कुलाब्याच्या नृत्यगृहात इंग्रजीत घडलेला आवाज मराठी शब्दांवर बसतो का, ही शंका त्यापूर्वी घेतली जात होती. ऱ्हस्व-दीर्घांचे वजन सांभाळणारी मराठी ओळ आणि मात्रांमध्ये धक्का देणारी रॉकची लय यांचे नाते सहज जुळणारे नाही. या नाटकात ते जुळले, कारण भेंडे यांनी मराठीला इंग्रजी उच्चारांत वळविले नाही, तर लय मराठी शब्दाघाताकडे सरकविली. ⇨ संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकांनी ते स्वीकारले. पुढे भेंडे चित्रपट व दूरचित्रवाणीकडे गेले. डिस्को डान्सर (१९८२) या हिंदी चित्रपटातही त्यांनी पार्श्वगायन केले. ११ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

चित्रपटसंगीताने या प्रकाराचा उपयोग आपल्या रीतीने केला. हरे राम हरे कृष्ण (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या आशा भोसले यांच्या गीतात संगीत दिग्दर्शक राहुल देव बर्मन यांनी विद्युत् गिटार व कृत्रिम प्रतिध्वनी यांतून नशेचे वातावरण उभे केले. हा चित्रपट हिप्पी जीवनावर टीका करणारा असताना त्यातील गीत मात्र त्या जीवनाचे आकर्षण वाढविणारे ठरले. विक्रीच्या दृष्टीने पाहता, भारतातील सर्वाधिक श्रोत्यांपर्यंत पोहोचलेले सायकेडेलिक संगीत हेच होय.

गोव्यात परिस्थिती थोडी निराळी होती. कळंगुट व हणजुणे येथील किनाऱ्यांवर परदेशी हिप्पींच्या वसाहती झाल्या, पण त्यांच्या सहवासातून गोमंतकीय वादकांच्या ध्वनिमुद्रिका लगेच निघाल्या नाहीत. मुंबईत वास्तुशास्त्र शिकत असताना द सॅव्हेजिसमध्ये वाजविणारे रेमो फर्नांडिस गोव्यास परतले आणि शिवोली येथील घरात चार पथांच्या लहान यंत्रावर एकट्याने सर्व वाद्ये व गायन मुद्रित करून त्यांनी गोवन क्रेझी (१९८४) ही ध्वनिमुद्रिका स्वतःच प्रकाशित केली. कॅसेटमुळे हे शक्य झाले. तबकडीला कारखाना लागत असे, तर कॅसेटला एक खोली पुरे. जी सोय मुंबईतील वाद्यवृंदांना दहा-बारा वर्षे आधी मिळाली असती तर त्यांची सूची वेगळी दिसली असती, ती सोय त्यांच्या संगीताचा काळ सरल्यावर आली. १९८० नंतर कॅसेटने एलपीला बाजारातून हटविले. जुन्या तबकड्या मुंबईच्या चोरबाजारात व रद्दीच्या दुकानांत किलोच्या भावाने गेल्या आणि तेथूनच परदेशी संग्राहकांनी त्या वेचून नेल्या. सिद्धार्थ भाटिया यांच्या इंडिया सायकेडेलिक (२०१४) या इंग्रजी ग्रंथात या पिढीच्या आठवणी प्रथमच एकत्रित झाल्या. फितींवर राहिलेली काही मुद्रणे त्यानंतरही खासगी संग्रहांतून अधूनमधून उजेडात येत आहेत.